खेळाच्या पेटीची दुसरी विद्या

गेल्या पालकसभेच्या दिवशीं एका गृहस्थांनीं आम्हांस गांठून आपली एक अडचण सांगितली. मुलाच्या हट्टास्तव त्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं घरांत व्हिडिओ खेळांची पेटी आणली होती. तिनें मुलाच्या अभ्यासाचे तास खाल्ले ते खाल्लेच. आतां मुलगा उच्च शिक्षणासाठीं परगांवीं गेल्यावर ती पेटी बैठकींतील टीव्हीखालीं धूळ खात पडली आहे. विकावयास जावें तर कोणी चार पैसे देत नाहीं, व टाकून द्यावी तर मन धजत नाहीं. बोलतां बोलतां त्यांनीं दुसरीही एक गोष्ट सांगितली. घरांतील लग्नकार्यांच्या जुन्या चित्रफिती त्यांनीं एका दुकानांतून संगणकांत उतरवून घेतल्या आहेत. परंतु संगणक माडीवरच्या खोलींत, आणि त्यांच्या मातोश्रींस गुडघेदुखीमुळें जिना चढवत नाहीं. ज्या फितींत मातोश्रींचे दिवंगत यजमान, त्यांचे बंधु व जाऊबाई हिंडतां-बोलतांना दिसतात, त्या फिती खुद्द मातोश्रींनींच कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

या दोन गोष्टी त्यांनीं आम्हांस निरनिराळ्या म्हणून सांगितल्या. पण एकीचा उपाय दुसरींत होता. जी पेटी टीव्हीखालीं निरुपयोगी म्हणून पडली होती, तिलाच माडीवरच्या संगणकांतील चित्रें खालीं आणून दाखविण्याची विद्या अवगत होती. तो उपाय कोणता व तो कां चालतो, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. "हें बटण दाबा, तें बटण दाबा" असें सांगणें सोपें आहे. परंतु बटणें दर दोन वर्षांनीं बदलतात, तत्त्वें मात्र बदलत नाहींत. म्हणून आम्ही तत्त्वापासूनच आरंभ करितों.

प्रथम ही पेटी म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, ही एक महागडी बाहुली आहे व खेळ खेळण्यापलीकडे तिला कांहीं येत नाहीं. वस्तुतः ती एक पूर्ण संगणक असते. फक्त तिला खेळाचा पोषाख चढविलेला असतो. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्ट कंपनीनें नोव्हेंबर २००१ मध्यें अमेरिकेंत विक्रीस काढलेली 'एक्सबॉक्स' नांवाची पेटी घ्या. तिच्या पोटांत इंटेल कंपनीचा ७३३ मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर होता, ६४ मेगाबाईटांची स्मृति होती, माहिती सांठविण्यासाठीं सुमारें ८ गिगाबाईटांची हार्डडिस्क होती, आणि मागच्या बाजूस जाळ्याची तार जोडण्याची खोबणही होती. त्या काळच्या घरगुती संगणकांत याहून निराळें असें काय असे? भेद इतकाच कीं, संगणक टेबलावर, लहानशा पडद्यापुढें असे. आणि पेटी बैठकींत, घरांतील सर्वांत मोठ्या पडद्याला जोडलेली असे.

हा भेद कांहीं हौशी संगणकतज्ज्ञांच्या नजरेंतून सुटला नाहीं. २००२ सालीं त्यांनीं एक्सबॉक्ससाठीं 'एक्सबॉक्स मीडिया प्लेअर' नांवाचा कार्यक्रम लिहिला. पुढें त्याचें 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर', म्हणजे 'एक्सबीएमसी', असें रूपांतर झालें. या कार्यक्रमामुळें घरांतील दुसऱ्या संगणकांत ठेविलेले चित्रपट व गाणीं जाळ्याच्या तारेवरून थेट पेटींत येत व टीव्हीवर दिसत. मात्र तो चालविण्यासाठीं पेटींत फेरफार करून तिचें कुलूप काढावें लागे, आणि निर्मात्या कंपनीस तें मान्य नव्हतें. तथापि लोकांची गरज काय आहे हें या हौशी मंडळींनीं जगास दाखवून दिलें. त्यांचा तो कार्यक्रम पुढें अनेक जातींच्या संगणकांवर चालूं लागला व २०१४ सालीं त्यानें 'कोडी' हें नवें नांव धारण केलें. ज्या पेटीसाठीं तो जन्मला ती केव्हांच अडगळींत गेली. कार्यक्रम मात्र जिवंत राहिला.

मग निर्मात्यांनींही तोच मार्ग धरला. नोव्हेंबर २००५ मध्यें आलेल्या 'एक्सबॉक्स ३६०' मध्यें, ज्या संगणकांत विंडोजचें मीडिया सेंटर असे त्या संगणकांतील चित्रें टीव्हीवर दाखविण्याची सोय प्रथमपासूनच होती. सोनी कंपनीची 'प्लेस्टेशन ३' नोव्हेंबर २००६ मध्यें जपानांत व अमेरिकेंत विक्रीस आली. मे १९०७ नव्हे, मे २००७ मध्येंच (म्हणजे अवघ्या सहा महिन्यांत) कंपनीनें पाठविलेल्या १.८० क्रमांकाच्या सुधारणेनें तिलाही ही विद्या प्राप्त झाली. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. विकत घेतलेल्या वस्तूच्या अंगीं मागाहून नवा गुण यावा, हें आमच्या आजोबांच्या काळीं कोणास खरें वाटलें नसतें. परंतु जी वस्तु दुरून सुधारतां येते, ती दुरून बिघडवितांही येते. या दुसऱ्या बाजूकडे आम्ही शेवटीं येऊं.

आतां माडीवरचें चित्र खालीं येतें तें कसें? दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे संपूर्ण फाईल उचलून पेटींत आणून ठेवणें. ही रीत म्हणजे विहिरींतील सर्व पाणी घरांत आणून मग एक तांब्या पिण्यासारखी आहे. दुसरी रीत नळाची. पाणी टाकींतच राहतें. आपण तोटी फिरवितों तेव्हां हवें तितकें येतें, व फिरवून बंद केली कीं थांबतें. या दुसऱ्या रीतीस 'स्ट्रीमिंग' म्हणतात, व त्या शब्दाचा अर्थही 'प्रवाह वाहविणें' असाच आहे. संगणक ही टाकी, जाळ्याची तार हा नळ, आणि खेळाची पेटी ही तोटी होय.

परंतु नळाचें पाणी कधीं जोरानें येतें, कधीं बारीक धारेनें येतें. चित्राचें तसें चालत नाहीं. तें एका ठराविक गतीनेंच पुढें सरकलें पाहिजे. म्हणून पेटी थोडेंसें चित्र अगोदरच मागवून आपल्या स्मृतींत सांठवून ठेविते, जसें शहाण्या घरांत नळाखालीं घागर भरून ठेवितात. या सांठ्यास 'बफर' असें नांव आहे. धार क्षणभर बारीक झाली तरी घागरींतील पाण्यावर काम चालतें. घागर रिकामी झाली कीं मात्र चित्र अडकतें, आणि पडद्यावर तें लहानसें चक्र फिरूं लागतें, ज्याचा सर्वांसच मनस्वी राग येतो.

यापुढचा प्रश्न अधिक मौजेचा आहे. खालच्या पेटीला कसें कळतें कीं, माडीवर एक संगणक आहे व त्यांत चित्रें आहेत? तिला तर कोणी पत्ता सांगितलेला नसतो. पूर्वीं गांवांत नवा वैद्य आला कीं दवंडी पिटवीत. अगदीं तोच प्रकार येथें घडतो. घरांतील सर्व यंत्रें राउटर नांवाच्या एका लहान पेटीला तारेनें किंवा बिनतारी जोडलेलीं असतात. खेळाची पेटी चालू झाली कीं ती त्या जाळ्यावर एक हांक मारते: "चित्रें वाढणारा कोणी येथें आहे काय?" ही हांक २३९.२५५.२५५.२५० या राखून ठेविलेल्या पत्त्यावर जाते. हा पत्ता कोणा एकाचा नसून सर्वांच्या कानीं पडावा म्हणूनच ठेविलेला आहे. संगणकावर चित्रें वाढणारा कार्यक्रम चालू असेल तर तो उत्तर देतो: "मी आहें, माझा पत्ता अमुक." अशा वाढणाऱ्या कार्यक्रमास 'सर्व्हर' म्हणतात, पंगतींतील वाढप्याची आठवण व्हावी असेंच त्याचें काम आहे.

उत्तर मिळाल्यावर पेटी त्या वाढप्याकडे पदार्थांची यादी मागते. तो प्रथम मोठ्या कप्प्यांचीं नांवें पाठवितो: चित्रें, गाणीं, छायाचित्रें, मग निवडलेल्या कप्प्यांतील एकेका फाईलचें नांव, लांबी व जात कळवितो. आपण टीव्हीपुढें बसून "लग्न" या नांवावर बटण दाबलें कीं पेटी त्या फाईलची मागणी करिते, व तीही एकदम सगळी नव्हे. "आरंभापासून इतका भाग द्या, आतां त्यापुढचा द्या," अशी तुकड्यातुकड्यांनीं. म्हणूनच आपणांस चित्र थांबवितां येतें, मागें नेतां येतें किंवा एकदम मध्यावर उडी मारतां येते. मागें नेणें म्हणजे फीत उलटी गुंडाळणें नव्हे, पेटी वाढप्यास इतकेंच सांगते कीं, "अगोदरचा अमुक तुकडा पुन्हा वाढ."

हें सर्व बिनबोभाट चालतें याचें कारण असें कीं, हांक कोणत्या शब्दांत मारावी, उत्तर कसें द्यावें व यादी कोणत्या नमुन्यानें लिहावी, हें निरनिराळ्या कंपन्यांनीं एकत्र बसून अगोदरच ठरविलेलें होतें. यंत्रांनीं परस्परांस ओळखण्याच्या 'यूपीएनपी' नांवाच्या नियमांसाठीं १९९९ सालीं एक मंडळ स्थापन झालें. त्या नियमांच्या पायावर, सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदि कंपन्यांनीं २००३ सालीं दुसरा एक संघ उभारला. तोच पुढें 'डीएलएनए' या नांवानें प्रसिद्ध झाला. बाजारांत जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, तेच येथें एका भाषेंत बोलावयास कबूल झाले. आणि म्हणूनच एका कंपनीचा संगणक, दुसरीचा राउटर व तिसरीची खेळाची पेटी हीं एका घरांत गुण्यागोविंदानें नांदूं शकलीं. समान भाषेचें सामर्थ्य किती असतें, याचें हें एक उत्तम उदाहरण होय.

त्या गृहस्थांच्या घरीं आम्ही एका रविवारीं गेलों, तेव्हां येथपर्यंतचें सर्व सुरळीत झालें. हांक मारली गेली, उत्तर आलें, यादी टीव्हीवर उमटली, व लग्नाच्या फाईलीचें नांवही दिसलें. मातोश्री चष्मा पुसून पुढें सरसावून बसल्या. बटण दाबलें मात्र, आणि पडद्यावर अक्षरें आलीं कीं, या जातीची फाईल या यंत्रांत चालत नाहीं. सर्वांचा विरस झाला. "मी म्हणत नव्हतें?" एवढेंच मातोश्री म्हणाल्या. नवशिक्यास हा अनुभव हमखास येतो, म्हणून त्याचें कारण सविस्तर सांगतों.

चित्राची फाईल ही दोन गोष्टींची बनलेली असते: एक डबा, व दुसरा डब्यांतील पदार्थ. डब्यांत चित्र, आवाज व असल्यास पडद्याखालचीं अक्षरें हीं एकत्र बांधलेलीं असतात. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही हीं डब्यांचीं नांवें होत. आंतील चित्र मात्र कोणत्या तरी पद्धतीनें आटवून, लहान करून ठेविलेलें असतें. तसें न केल्यास एका लग्नाच्या चित्रणानें संपूर्ण हार्डडिस्क व्यापली जाईल. आटविण्याच्या व पुन्हा मूळ रूपास आणण्याच्या या पद्धतीस 'कोडेक' म्हणतात. एमपीईजी-२ ही डीव्हीडींत वापरली गेलेली जुनी पद्धत, एच.२६४ ही २००३ सालीं प्रमाण म्हणून ठरलेली व आजही सर्वत्र चालणारी पद्धत.

पेटीला डबाही उघडतां आला पाहिजे आणि आंतील पदार्थही पचला पाहिजे. 'प्लेस्टेशन ३' ला एच.२६४ उत्तम समजे. परंतु तेंच चित्र एमकेव्हीच्या डब्यांत घालून दिलें तर तो डबा तिला उघडत नसे. 'एक्सबॉक्स ३६०' ला डिव्हएक्स व एक्सव्हिड या त्या काळीं फार प्रचारांत असलेल्या जाती डिसेंबर २००७ च्या सुधारणेपूर्वीं कळत नव्हत्या. तात्पर्य, फाईल दिसत नसेल तर दोष जाळ्याचा. फाईल दिसते पण उघडत नसेल तर दोष डब्याचा किंवा पदार्थाचा. हा विवेक ज्यास साधला, त्याचे निम्मे कष्ट वांचले.

यावर उपाय दोन. पहिला उपाय असा कीं, फाईल एकदाच संगणकावर बसून योग्य जातींत बदलून ठेवावी. केवळ डबा बदलणें असेल तर हें काम थोड्या वेळांत होतें व चित्राच्या गुणांत कांहींही उणें येत नाहीं; पदार्थच बदलावयाचा असेल तर तास-दोन तासही लागतात, व दर वेळीं चित्र थोडेंसें फिकें होतें. दुसरा उपाय दुभाष्याचा. ज्याप्रमाणें परप्रांतीय वक्त्याचें भाषण चालूं असतांनाच दुभाषी तें श्रोत्यांस त्यांच्या भाषेंत सांगत जातो, त्याप्रमाणें संगणकावरचा कार्यक्रम फाईल वाचतां वाचतांच तिचें रूपांतर करून पेटीकडे पाठवितो. यास 'ट्रान्सकोडिंग' म्हणतात. 'पीएस३ मीडिया सर्व्हर' नांवाचा असा एक विनामूल्य कार्यक्रम २००८ सालीं निघाला, व २०१२ सालीं त्याचीच 'युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर' ही शाखा फुटली. दुभाष्याचें काम कष्टाचें असतें. संगणक जुना व दुबळा असेल तर तो मागें पडतो व चित्र अडखळतें. म्हणून ज्या फाईली वारंवार पाहावयाच्या, त्यांस पहिलाच उपाय बरा. त्या गृहस्थांच्या फाईलींचा केवळ डबाच वेगळा निघाला. तो बदलतांच चित्र सुरू झालें.

सुरू झालें खरें, पण मंगलाष्टकें संपावयाच्या आंतच तें थबकूं लागलें. येथें अंकगणित उपयोगी पडतें, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन तें स्वतः करून पाहावें अशी शिफारस आहे. दोन तासांचा चित्रपट ४.७ गिगाबाईटांचा, म्हणजे एका साध्या डीव्हीडीएवढा, आहे असें धरा. एका बाईटांत ८ बिट असतात, तेव्हां ४.७ ला ८ नें गुणलें असतां ३७.६ गिगाबिट, म्हणजे ३७,६०० मेगाबिट झाले. दोन तासांचे सेकंद ७,२००. भागाकार केला असतां दर सेकंदास सुमारें ५.२ मेगाबिट आले. इतकी धार अखंड मिळाली तरच चित्र न अडकतां चालेल. तोच चित्रपट ब्लू-रे तबकडीच्या तोडीचा, २५ गिगाबाईटांचा असेल, तर त्याच रीतीनें दर सेकंदास सुमारें २७.८ मेगाबिट लागतील.

आतां नळ किती जाड आहे तें पाहूं. जुन्या बिनतारी पद्धतींपैकीं ८०२.११बी हिची कागदावरची गति सेकंदास ११ मेगाबिट, व २००३ सालच्या ८०२.११जी हिची ५४ मेगाबिट. परंतु कागदावरची गति ही दुकानांतील पाटीवरच्या मापासारखी असते. यंत्रांच्या आपसांतील निरोपानिरोपींत व पाळीपाळीनें बोलण्यांत तिचा निम्माच भाग हातीं येतो. त्यांत माडी व बैठक यांच्यामध्यें जाड भिंती व स्लॅब असले कीं तोही घटतो. साध्या तारेचा नळ मात्र १०० मेगाबिटांचा असतो, आणि भिंतींनीं तो बारीक होत नाहीं. म्हणजे ११ च्या नळांतून डीव्हीडीचें चित्रही जेमतेमच यावयाचें. ५४ च्या नळांतून डीव्हीडीचें चित्र येईल, पण ब्लू-रेचें अडेल. तारेंतून दोन्हीं सुखानें येतील. पुढें निघालेल्या बिनतारी पद्धती याहून पुष्कळ वेगवान आहेत. परंतु जुनी पेटी आपल्या काळाच्या पद्धतीपलीकडे जाऊं शकत नाहीं. 'एक्सबॉक्स ३६०' ला तर २०१० सालच्या नव्या बांधणीपर्यंत बिनतारी जोडणी अंगची नव्हतीच. ती निराळी विकत घ्यावी लागे.

हा हिशोब त्या गृहस्थांपुढें मांडतांच त्यांनीं बाजारांतून तार आणली, व जिन्याच्या कठड्यालगत ती खिळवून माडीवरून बैठकींत आणिली. शोभेस थोडी उणीव आली खरी; पण चित्र पुन्हा अडकलें नाहीं.

घरोघरीं हा प्रयोग करूं इच्छिणाऱ्यांसाठीं चार सूचना येथें कराव्याशा वाटतात. पहिली, संगणक व पेटी एकाच राउटरला जोडलेलीं असावींत; दोन निरनिराळ्या जाळ्यांवर बसल्यास दवंडी एकमेकांच्या कानीं पडत नाहीं. दुसरी, संगणकाचा पहारेकरी, म्हणजे 'फायरवॉल', कधीं कधीं ही हांक दारांतच अडवितो. त्यास घरच्या जाळ्यापुरतीच परवानगी द्यावी, बाहेरच्या जगास दार उघडूं नये. तिसरी, संगणकांतील सर्व कप्पे न उघडतां केवळ चित्रांचा एकच कप्पा वाढप्याच्या स्वाधीन करावा. घरचे कागदपत्र पंगतींत मांडावयाचे नसतात. चौथी, संगणक कांहीं वेळानें आपोआप झोंपीं जाणार नाहीं असें करून ठेवावें. वाढपीच निजला तर पंगत उपाशी राहावयाची.

एक गोष्ट विद्यार्थ्यांस निक्षून सांगितली पाहिजे. ही विद्या स्वतःच्या वस्तूंसाठीं आहे. घरचे समारंभ, शाळेचें स्नेहसंमेलन, प्रवासांतील चित्रणें, किंवा ज्यांचे हक्क निर्मात्यांनीं मोकळे ठेविले आहेत असे चित्रपट यांनींच कप्पा भरावा. दुसऱ्याच्या श्रमाचा चित्रपट चोरवाटेनें उतरवून घेणें ही, तार कितीही चांगली जोडली तरी, चोरीच होय.

आतां आरंभीं ज्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख केला तिच्याकडे वळूं. 'प्लेस्टेशन ३' मध्यें प्रथम दुसरी एक सोय होती: तिच्यावर लिनक्स बसवून तिचा नेहमीच्या संगणकासारखा उपयोग करितां येई. १ एप्रिल २०१० रोजीं आलेल्या सुधारणेनें ती सोय काढून घेण्यांत आली. ज्यांनीं ती सुधारणा नाकारिली त्यांस कंपनीच्या जाळ्यावरील खेळांस मुकावें लागलें. पुढें नोव्हेंबर २०१३ मध्यें 'प्लेस्टेशन ४' आली, तेव्हां घरच्या संगणकांतील चित्रें दाखविण्याची विद्या तिच्यांत मुळींच नव्हती. थोरल्या बहिणीस जें येई तें धाकटीस येईना. जून २०१५ मध्यें 'मीडिया प्लेअर' नांवाचा कार्यक्रम देऊन ती उणीव भरून काढण्यांत आली. २०२० सालच्या 'प्लेस्टेशन ५' मध्यें ती अंगभूत विद्या पुन्हा नाहींशी झाली. ज्या डीएलएनए संघानें समान भाषा घडविली, तो संघही २०१७ सालीं विसर्जित झाला. भाषा मात्र असंख्य यंत्रांत अजून बोलली जाते.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे विकत घेतलेल्या चित्रांची. सोनी कंपनीनें प्लेस्टेशनच्या दुकानांतून चित्रपट विकणें ३१ ऑगस्ट २०२१ पासून बंद केलें. पुढें डिसेंबर २०२३ मध्यें तिनें असें जाहीर केलें कीं, डिस्कव्हरी वाहिनीचे जे कार्यक्रम ग्राहकांनीं पैसे देऊन घेतले होते, ते वर्षाच्या अखेरीस त्यांच्या संग्रहांतून काढून घेतले जातील. पुष्कळ ओरड झाली, व त्याच महिन्यांत नवा करार होऊन तो बेत रहित झाला. बेत रहित झाला हें बरेंच झालें. परंतु ज्यास आपण 'माझें' म्हणतों तें खरोखर कोणाच्या हातांत आहे, हें त्या अवधींत पुष्कळांस कळून आलें. दुरून येणारा प्रवाह सोयीचा खरा; पण त्याची तोटी आपल्या हातीं असली तरी टाकी दुसऱ्याची असते. घरच्या संगणकांतील प्रवाहाचें वैशिष्ट्य हेंच कीं, तेथें टाकीही आपली व तोटीही आपली.

परंतु टाकी आपली म्हटली कीं तिची राखणही आपणांवरच आली. हार्डडिस्क हें यंत्र आहे, व यंत्र एक ना एक दिवस बंद पडतें. जुन्या फितींची एकच प्रत एका संगणकांत ठेवून निश्चिंत राहणें म्हणजे सर्व धान्य एकाच कणगींत भरून उंदरांवर विश्वास टाकणें होय. म्हणून घरच्या चित्रांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर काढून, शक्य तर दुसऱ्या घरीं, एखाद्या विश्वासू नातेवाईकाकडे ठेवावी. खेळाची पेटी मोडली तर दुसरी मिळेल. टीव्ही जुना झाला तर नवा येईल. पण जीं माणसें आतां पुन्हा कॅमेऱ्यापुढें यावयाचीं नाहींत, त्यांच्या चित्रांस दुसरी प्रत हाच एक आधार आहे.

त्या रविवारीं शेवटीं काय झालें, हें सांगून हा लेख संपवितों. मंगलाष्टकें झालीं, पंगत बसली, आणि पडद्यावर एक उंच गृहस्थ हातांत जिलबीचें ताट घेऊन आग्रह करीत फिरतांना दिसले. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. ते चित्रांतून बाजूस झाले तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, "जरा मागें घे रे." पेटीनें वाढप्यास पुन्हा तोच तुकडा मागितला, वाढप्यानें तो पुन्हा वाढला, आणि जिलबीचें ताट पुन्हा पंगतींतून फिरलें. तसें तीन वेळां झालें. आम्हीं चहा घेतला व निघालों.

विद्यार्थिमित्रहो, ज्या वस्तूला आपण केवळ खेळणें समजतों, तिच्या पोटांत काय आहे तें जिज्ञासेनें पाहण्याची संवय लावून घ्या. खेळाची पेटी वाईट नव्हे व चांगलीही नव्हे. तिच्याकडून काय काम घ्यावें हें ज्यास कळतें, तो तिचा धनी, आणि ज्यास कळत नाहीं, त्याची ती धनीण होते. आणि पालकांस आमची नम्र विनंति एवढीच कीं, पुढील सुटींत मुलगा घरीं आला म्हणजे "ती पेटी बंद कर" असें म्हणण्यापूर्वीं एकदां "ती पेटी आजीसाठीं चालू करून दे" असें म्हणून पाहावें. काम त्यास आवडेल, आणि शिकतां शिकतां आपल्या आजोबांचा आवाजही त्याच्या कानीं पडेल.